ब्याऐंशी निजलेल्या दीर्घिका

"काही चुकतंय का गं, मित्रा?" रेमंडने विचारलं.

बुधवारची सकाळ होती. पुण्यातल्या आमच्या संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर एक लहानशी व्याख्यानाची खोली होती. तिथे तो पडद्याशेजारी उभा होता आणि समोरच्या चाळीस खुर्च्यांपैकी एकीवर मी, मित्रा भालेराव, बसले होते. शुक्रवारी त्याच्या पीएचडीची जाहीर तोंडी परीक्षा होती, त्याची ही तिसरी तालीम. पडद्यावर तेविसावी स्लाइड होती. ती बघताना माझा चेहरा कसातरी झाला असावा.

"अक्षर लहान आहे," मी म्हणाले. "मागच्यांना वाचता येणार नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

त्याने वाकून अक्षर मोठं केलं, चार पावलं मागे सरून डोळे बारीक करून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. "तू नसतीस तर माझं काही खरं नव्हतं," तो म्हणाला.

पाणी पिऊन येते असं सांगून मी उठले ती तडक फाटकापर्यंत चालत गेले. तिथून परत आले. दारापर्यंत आले आणि पुन्हा फाटकाकडे वळले. तिसऱ्या फेरीला फाटकावरच्या काकांनी विचारलं, "काय हरवलं का ताई?"

"नाही काका."

"मग काय शोधताय?"

मी काहीच शोधत नव्हते. जे सापडायचं ते आदल्या दिवशीच सापडलं होतं.

तेविसाव्या स्लाइडवर आलेखाचे दोन खांब होते, एक उंच, एक बुटका. रेमंडची पाच वर्षं त्या दोन खांबांत होती. आपल्या आकाशगंगेसारख्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या दीर्घिकेच्या मध्यभागी एक भलंमोठं कृष्णविवर असतं. काही दीर्घिकांमध्ये ते भोवतालचा वायू गिळत असतं आणि त्या गिळण्याच्या धुमाळीत दीर्घिकेचा मधला भाग असा पेटतो की बाकीचे अब्जावधी तारे त्यापुढे फिके पडतात. अशी दीर्घिका सक्रिय. बाकीच्यांमध्ये कृष्णविवर असतं, पण नुसतं बसून असतं. आम्ही आपसात पहिल्यांना 'जाग्या' म्हणायचो आणि दुसऱ्यांना 'निजलेल्या'. रेमंडचा प्रश्न साधा होता: दोन सारख्या दीर्घिकांतली एक जागी का होते आणि दुसरी निजून का राहते?

त्याने दोनशे बारा जाग्या दीर्घिका निवडल्या. प्रत्येकीला तिच्याच वजनाची, तितक्याच अंतरावरची एक निजलेली जोडीदारीण शोधली. मग सगळ्यांची चित्रं एकेक करून पाहिली. दोन दीर्घिका एकमेकींवर धडकल्या असतील तर त्याच्या खुणा राहतात. ताऱ्यांच्या अंधुक शेपट्या, फाटलेल्या कडा, एका बाजूला ओढलेला घेर. जाग्यांमध्ये अशा सत्त्याण्णव निघाल्या, निजलेल्यांमध्ये त्रेसष्ट. धडक बसली की दीर्घिका जागी होते, हे त्याने दाखवून दिलं होतं. त्याच्याच जोरावर हॉलंडमधल्या एका विद्यापीठात त्याला जागा मिळाली होती. जून महिन्यात जायचं होतं. व्हिसाचे फोटोही काढून झाले होते.

माझं काम त्याच्या कामाच्या पुढचं होतं. तो डोळ्यांनी पाहून ठरवायचा. मला तेच संगणकाकडून मोजून घ्यायचं होतं. मंगळवारी दुपारी मी पहिल्यांदा सगळे आकडे एका आलेखावर मांडले आणि निजलेल्या दीर्घिकांचे दोन घोळके झालेले दिसले. एक मोठा, एक लहान. लहान घोळक्यात ब्याऐंशी. त्या ब्याऐंशींत धडकेच्या खुणा असलेल्या फक्त पाच होत्या. उरलेल्या एकशे तीसमध्ये मात्र अठ्ठावन्न, म्हणजे जवळजवळ जाग्यांइतक्याच.

मी त्या ब्याऐंशींच्या फायली उघडून पाहिल्या. दुर्बिणीने किती वेळ प्रकाश गोळा केला ते प्रत्येक फायलीच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं. बाकी सगळी चित्रं अर्ध्या-अर्ध्या तासाची होती. ही ब्याऐंशी चोपन्न सेकंदांची.

चोपन्न सेकंदांत शेपट्या दिसत नाहीत. त्या असल्या तरी दिसत नाहीत.

आणि त्या फायलींची नावं माझ्या पद्धतीची होती. नावाआधी तारीख घालायची सवय त्या संस्थेत मला एकटीलाच होती.

तीन वर्षांपूर्वी, मी नवीन असताना, रेमंडसाठी निजलेल्या दीर्घिकांची चित्रं मीच जमवली होती. एकशे तीस झाल्यावर मोठ्या दुर्बिणीचं संग्रहस्थळ आठवडाभर दुरुस्तीसाठी बंद झालं. आमच्या मार्गदर्शकांना, सोहोनी सरांना, सोमवारी एका परिषदेत तक्ता दाखवायचा होता. दारातूनच ते म्हणाले होते, "मिळेल ते लाव गं, नंतर बघू." मी दुसऱ्या, घाईघाईने सगळं आकाश टिपणाऱ्या एका दुर्बिणीची चित्रं घेतली, उजळपणा जुळवून बाकीच्यांसारखी दिसतील अशी केली आणि लावून टाकली. सोमवारी बदलायची म्हणून. त्या सोमवारी परभणीहून फोन आला. आईला दवाखान्यात ठेवलं होतं. मी पंधरा दिवस घरी गेले आणि परतल्यावर ती गोष्ट माझ्या डोक्यातून साफ गेली होती.

म्हणजे मंगळवारी दुपारी जे मला कळलं ते असं: रेमंडचा बुटका खांब मी केला होता.

मी उठले आणि डेक्कनला जाणाऱ्या बसमध्ये बसले. का, ते मला सांगता येणार नाही. डेक्कनला उतरले, रस्ता ओलांडला आणि परतीच्या बसमध्ये चढले. खोलीवर आले तर बसवेना. कपाट आवरलं, पुन्हा विस्कटलं. रेमंडचा नंबर काढला आणि फोन उशीखाली ठेवला.

भीती कसली होती ते आज नीट सांगू शकते. मी पहिल्या वर्षाला असताना उपाहारगृहात एक मुलगा मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला होता, "राखीव जागांमधून येतात, मग पुढे निस्तरायचं कुणी?" टेबलावरचे सगळे ताटात बघू लागले. रेमंड पलीकडच्या टेबलावर होता. तो आपलं ताट उचलून आला, माझ्यासमोर बसला आणि मोठ्याने म्हणाला, "भालेराव, तुझ्या परभणीच्या मिरच्या संपल्या का गं? इथलं वरण नुसतं पाणी आहे." त्याआधी आमची ओळखही नव्हती. वसईचा रेमंड डाबरे. बाप केळीच्या वाडीत राबून गेलेला. त्याला त्या टेबलावरची शांतता ओळखू आली होती.

तर असा माणूस. त्याला हे सांगणं सगळ्यांत सोपं असायला हवं होतं. पण मला त्याचंच तोंड बघवत नव्हतं. आणि दुसरीकडे त्या मुलाचं वाक्य डोक्यात घणासारखं पडत होतं. माझी चूक ही माझी एकटीची राहणार नव्हती.

बुधवारी ती तालीम झाली. अक्षर लहान आहे म्हणाले. गुरुवारी सकाळी मी सोहोनी सरांच्या खोलीत गेले.

विद्याधर सोहोनी म्हणजे शिस्तीचे. तोलून मापून बोलणारे, कुणाची बाजू न घेणारे. त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. मी आलेख त्यांच्यापुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगितलं. निजलेल्यांपैकी ब्याऐंशी चित्रं चोपन्न सेकंदांची आहेत.

त्यांनी चष्मा काढला. बराच वेळ आलेख पाहिला.

"हा फरक मग राहतच नाही," ते म्हणाले.

"नाही राहत, सर."

"परीक्षक काल रात्रीच बंगळूरहून आल्यात. प्रबंध त्यांच्या हातात आहे." त्यांनी चष्मा पुन्हा घातला. "त्यांना न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. मला सांगावं लागेल." मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "रेमंडला हे ठाऊक आहे?"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. 'नाही' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: मग ही चित्रं लावली कुणी?

"असावं," मी म्हणाले.

"असावं म्हणजे?"

"म्हणजे… त्याचीच चित्रं आहेत सर. ठाऊक असेल."

सरांचा चेहरा हळूहळू कठोर झाला. "बरं," ते म्हणाले. "तू जा."

मी बाहेर आले. जिन्यात रेमंड भेटला. हातात इस्त्रीचे कपडे. "मित्रा, आय येतेय उद्या," तो म्हणाला, "मामाला घेऊन. तिला यातलं ओ की ठो कळणार नाही, तिच्याशेजारी बसशील?"

"बसेन," मी म्हणाले.

शुक्रवारी दहा वाजता मोठं सभागृह निम्मं भरलं. फिलोमीनाबाई, रेमंडची आई, मोतिया रंगाची साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी तिसऱ्या रांगेत बसले. त्यांनी दोनदा मागे वळून शोधलं, मी मान खाली घातली.

रेमंड छान बोलला. इतका छान तो तालमींतही बोलला नव्हता. तेविसावी स्लाइड आली तेव्हा अक्षर ठळक दिसत होतं, अगदी मागच्यांनाही. बोलणं संपलं, टाळ्या झाल्या आणि बाहेरच्या परीक्षक डॉ. रामन यांनी हातातला कागद सरळ केला. बारीक चणीच्या, पन्नाशीच्या बाई. प्रश्न इंग्रजीत होते, मी आपल्या भाषेत सांगते.

"तुमच्या निष्क्रिय दीर्घिकांपैकी ब्याऐंशींची चित्रं चोपन्न सेकंदांची आहेत. हे खरं आहे?"

रेमंड हसला. "नाही, सगळी अर्ध्या तासाची आहेत."

"मी काल स्वतः तपासली. ब्याऐंशी तशी नाहीत."

तो फायली उघडायला संगणकाकडे वळला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत ती यादी आली. तारीख, मग नाव. तारीख, मग नाव. सभागृहात कुणी खोकलं.

"श्रीयुत डाबरे, हे तुम्हाला आधी ठाऊक होतं का?"

"नाही."

"रेमंड," सोहोनी सर म्हणाले, "नीट आठवून सांग."

त्या आवाजाने तो दचकला. सर असं कधी बोलत नसत. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे, त्या तारखांकडे. मग त्याची नजर सभागृहावरून फिरत माझ्यावर आली. थांबली. मला वाटतं त्या दोन-तीन सेकंदांत त्याला सगळं कळलं. बुधवारचा माझा चेहरासुद्धा.

"ही चित्रं जमवली कुणी?" बाईंनी विचारलं.

रेमंडने माझ्यावरची नजर काढून घेतली. "माझ्या प्रबंधातलं प्रत्येक चित्र माझी जबाबदारी आहे," तो म्हणाला. "मी तपासायला हवं होतं. तपासलं नाही."

"तुम्ही तपासलं नाही, की तपासून गप्प बसलात?"

"तपासलं नाही."

पण त्यावर कुणाचा विश्वास बसला नव्हता. ते त्या तीन परीक्षकांच्या बसण्यातच दिसत होतं.

आम्हा सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. अशा वेळी आत पाचदहा मिनिटं चर्चा होते आणि मग पेढे वाटतात. पाच झाली, दहा झाली, वीस झाली. रेमंड व्हरांड्याच्या टोकाला एकटा पाठमोरा उभा होता. कुणी त्याच्याजवळ गेलं नाही. मी खांबापासून नळापर्यंत आणि नळापासून खांबापर्यंत जात राहिले.

"अगं पोरी, तूच ना ती मित्रा?"

फिलोमीनाबाई. त्यांनी माझा हात धरून मला थांबवलं आणि पिशवीतून केळीच्या वाळक्या पानांत बांधलेली एक पुडी काढली. "सुकेळी आहेत, उन्हात वाळवलेली. आमच्या आळीतली. खास तुझ्यासाठी बाजूला ठेवलीत."

"माझ्यासाठी कशाला…"

"रेमी सांगतो ना. म्हणतो, आय, मी नुसता बघतो, पण ते सगळं गोळा केलं त्या परभणीच्या पोरीने. उन्हाळाभर बसून. म्हणतो, ती नसती तर मी अजून दोन वर्षं इथंच असतो." त्यांनी पुडी माझ्या हातात कोंबली आणि आवाज उतरवून विचारलं, "एवढा वेळ लागतो का गं? सगळं बरं आहे ना आत?"

त्यांच्या बोटांना वाळक्या पानांचा वास होता. मी पुडी छातीशी धरली, वळले आणि सभागृहाचं दार ठोठावलं. आतून 'थांबा' असं कुणीतरी म्हणालं. मी थांबले नाही.

तिघेही टेबलाभोवती बसले होते. सोहोनी सर म्हणाले, "मित्रा, आत्ता नको."

"ती चित्रं मी लावली," मी म्हणाले. कुठल्या भाषेत बोलले तेही आता आठवत नाही. "तीन वर्षांपूर्वी. तात्पुरती म्हणून लावली आणि बदलायची राहिली. मी त्याला सांगितलं नव्हतं. रेमंडला काही ठाऊक नाही. काल मी सरांना 'ठाऊक असेल' म्हणाले ते खोटं होतं."

सर चष्म्याची काच पुसू लागले. 'मिळेल ते लाव' हे त्यांना आठवलं की नाही, मला कधीच कळलं नाही. मी तेव्हा बोलले नाही, नंतरही विचारलं नाही. ते बोलून मला आणखी एकाच्या पाठीमागे लपायचं नव्हतं.

डॉ. रामन यांनी विचारलं, "तुला हे केव्हा कळलं?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे," त्या म्हणाल्या.

मी बाहेर आले.

आणखी अर्ध्या तासाने निकाल आला. नंतर सरांकडून कळलं ते असं की, मी आत जाण्याआधी प्रबंध फेटाळायचं जवळजवळ ठरलं होतं. फसवणूक म्हणून. आता ते बदललं होतं. प्रबंध परत, सहा महिन्यांत सगळी तुलना नव्याने करायची, मगच पदवी. जूनमध्ये पदवी हातात नाही म्हणजे हॉलंडची जागा गेली. ती खरोखरच गेली. मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी घेतल्याचं पत्र आलं.

त्या दुपारी मी रेमंडला सायकलींच्या शेडमागे गाठलं. आईला आणि मामाला त्याने रिक्षात बसवून दिलं होतं. त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे.

"मी आत जाऊन सांगितलं," मी म्हणाले. "सगळं. माझं नाव घेऊन."

"कळलं मला."

"रेमंड, चूक माझी होती. मी…"

"चुकीचं काय घेऊन बसलीस?" त्याचा आवाज वर चढला नव्हता, उलट खाली उतरला होता. "चूक कुणाचीही होते. मी तीन वर्षांत एकदा तरी फायली उघडून बघायच्या होत्या. माझी पण आहे. ते सोड. तू मंगळवारी ते पाहिलंस. बुधवारी माझ्यासमोर दोन तास बसलीस. मी विचारलं तुला. विचारलं ना?"

"हो."

"काय म्हणालीस?"

मी सायकलींच्या चाकांकडे बघू लागले.

"म्हण की! अक्षर लहान आहे." तो हसायला गेला, जमलं नाही. "बुधवारी सांगितलं असतंस तर आपण दोघांनी रात्रीचा दिवस केला असता. परीक्षा पुढे ढकलली असती. मी स्वतः जाऊन सांगितलं असतं, की माझ्या कामात खोट आहे, थांबा. कुणी माझ्याकडे चोर म्हणून बघितलं नसतं. माझ्या आयसमोर. तू माझ्याकडे यायचं सोडून सरांकडे गेलीस, मित्रा."

"मी घाबरले होते."

"मला?" त्याने विचारलं.

तो सायकल काढून निघून गेला. वसईला गेला तो दोन आठवडे आलाच नाही.

आला तेव्हा त्याने मला एक छापील कागद दिला. पुढच्या कामाचे नियम. सगळी चित्रं सारख्याच वेळेची. प्रत्येक चित्रावरचं नाव काढून फक्त आकडा. कुठली जागी आणि कुठली निजलेली हे आम्हा दोघांपैकी कुणालाही कळता कामा नये, म्हणून प्रत्येक चित्राचा मधला भाग काळ्या चकतीने झाकायचा. कुठला आकडा कुणाचा याची यादी बंद पाकिटात ग्रंथालयातल्या देवस्थळीबाईंकडे. प्रत्येक चित्र दोघांनी वेगवेगळं पाहायचं.

"मला घेणार आहेस या कामात?" मी विचारलं.

"डोळे चार लागतील," तो म्हणाला.

ती राहिलेली ब्याऐंशी चित्रं उतरवून घ्यायला एक दुपार लागली. एकच दुपार.

मग चारशे चोवीस चित्रं. एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून, दोन टेबलांवर. तो 'पुढचं' म्हणायचा आणि मी 'हो' म्हणायचे, दिवस दिवस तेवढंच बोलणं. काही दीर्घिका शांत, गोल, ताटलीसारख्या. काहींना अशी लांब, अंधुक शेपटी असे की पडद्याजवळ नाक न्यावं लागे. ती कुणाची शेपटी, जागीची की निजलेलीची, हे काळ्या चकतीमागे लपलेलं. मला राहवत नसे. मी खुर्चीतून उठे, खिडकीशी जाई, परत येई. एकदा तो मागे न वळता म्हणाला, "बस ना एका जागी. टेबल हलतं." तीन महिन्यांत कामाव्यतिरिक्त तो माझ्याशी बोललेलं ते एकमेव वाक्य. मला त्या दिवशी जेवण गेलं.

रेमंड आज वसईच्या बाजूला एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. हॉलंडला तो कधीच गेला नाही. मी मात्र गेले, तिथे नाही, पण परदेशात दुसरीकडे, तीन वर्षं, आणि या कामावरच्या शोधनिबंधामुळेच गेले. त्याच्या वाट्याचं माझ्याकडे आलं असं मला पुष्कळदा वाटतं. एकदा फोनवर मी ते बोलूनही दाखवलं, तर त्याने झटकून टाकलं: "मला वाडी सोडून राहायचं नव्हतंच गं." हे खरं की माझ्यासाठी, ते मी ठरवू शकलेले नाही. पण त्या सहा महिन्यांतला शेवटचा दिवस मी विसरणार नाही, तेवढा सांगते.

सप्टेंबर होता, सकाळचे साडेदहा. देवस्थळीबाईंनी पाकीट आणून दिलं आणि त्याही तिथेच रेंगाळल्या, मग आमचे चेहरे बघून निघून गेल्या. रेमंडने पाकीट फाडलं. तो आकडा वाचायचा, मी आमच्या नोंदींत पाहून 'आहे' किंवा 'नाही' म्हणायचे. तो दोन रकान्यांत रेघा ओढत होता. दीड तास गेला. शेवटची रेघ ओढून त्याने मोजलं.

"जाग्या पंच्याण्णव," तो म्हणाला.

"आणि निजलेल्या?"

त्याने पुन्हा मोजलं. "त्र्याण्णव."

आम्ही दोघंही त्या कागदाकडे बघत राहिलो. उंच खांब नव्हता, बुटका खांब नव्हता. धडका दोघींनाही तितक्याच बसल्या होत्या. एक पेटून उठली होती, दुसरी निजून राहिली होती आणि धडकेचा त्याच्याशी काही संबंध दिसत नव्हता. पाच वर्षं त्याने जे म्हटलं होतं ते गेलं. त्याच्या जागी दुसरं काही आलंही नव्हतं. फक्त 'हे नाही' एवढंच.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"भूक लागलीय," तो म्हणाला. मग कागदाची घडी घालता घालता थांबला. "वाटतंय."

"सरांना सांगायला हवं."

"जा ना," रेमंड म्हणाला. "तुला वाट ठाऊक आहे."

सहा महिने ते वाक्य त्याच्या तोंडात असणार. माझे कान तापले. एरवी मी तेव्हा उठून फाटकापर्यंत गेले असते, दोन फेऱ्या मारल्या असत्या. मी खुर्ची ओढली आणि बसले.

"मी एकटी जाणार नाही."

"का?"

"मागे एकटी गेले होते."

त्याने संगणक बंद केला. पेन्सिलीचं टोक पाहिलं. खिडकी लावली, कडी नीट बसली का ते पाहिलं. मी हलले नाही. दुपारच्या जेवणाची घंटा झाली, व्हरांड्यातून माणसं बोलत गेली, पुन्हा शांत झालं.

"मी आलोच नाही तर?" त्याने विचारलं.

"तर तू येशील तोवर इथेच बसेन."

"संध्याकाळी सर घरी जातात."

"मग उद्या."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, मार्चनंतर पहिल्यांदाच. मग टेबलावरची ती घडी उचलली आणि माझ्या हातात दिली.

आम्ही जिना चढलो. तो एक पायरी मागे होता. सरांचं दार उघडंच होतं. सर डबा उघडून बसले होते. आम्हा दोघांना एकत्र दारात बघून त्यांनी झाकण पुन्हा लावलं.

"या," ते म्हणाले. "काय निघालं?"

मी रेमंडकडे पाहिलं. त्याचं काम, त्याचा प्रबंध, त्याची पाच वर्षं. त्यानेच सांगावं असं मला वाटत होतं. पण तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला होता, हातांची घडी घालून.

"सांग," तो म्हणाला. "मी ऐकतोय."